सुमनताईंची दिवाळी

आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या सुमनताईंना दिवाळीला एक पगार जास्तीचा आणि साडी द्यायची, हे ठरलेलंच. साडीचा रंग बारा वर्षं मीच निवडत आले. काल खिडकी पुसता पुसता त्या थांबल्या. समोरच्या जलतरण तलावात बायका पोहत होत्या. सुमनताईंचा चेहरा असा काही उजळला, की मी एकदम विचारलं, "ताई, यंदा साडीऐवजी काय देऊ?"

"पोहायला शिकायचंय, वहिनी. हसू नका हं."

हसते कसली! देतानाही आपण किती आपल्याच मनाचं करतो! आज तलावावर जाऊन दोघींची नावं घालून आले. पाण्याला मीही जन्मभर घाबरत आलेय. सोमवारी दुपारी आम्ही दोघी एकमेकींचा हात धरून पाण्यात उतरणार!