औंधच्या डोंगरावरचा एक कोष

नव्वदच्या दशकातल्या त्या वर्षी दसऱ्यानंतर मी औंधला गेले, ती हौसेनं नव्हे. सांगलीत कॉलेजात शिकवता शिकवता माझा प्रबंध रखडला होता. विषय गवताळ माळावरच्या एका पतंगाचा. त्याची अंडी, केसाळ अळ्या, कोष यांची चित्रं झाली होती. राहिली होती ती अंडी घालणारी मादी. घरात पाळलेल्या अळ्या आधीच्या दोन्ही वर्षी मेल्या. आता शेवटची मुदत, आणि हातात रजेचा एकच दिवस.

पहाटेची एसटी, कराडला गाडी बदलायची. स्टँडवरची मिसळ झणझणीत होती, पण जागरणानं माझ्या तोंडाला चव नव्हती. पुढचा रस्ता म्हणजे हाडं खिळखिळी. औंधात उतरून यमाईच्या डोंगराकडे चालू लागले, तर ज्या गवतावर हे कोष असतात, ते उतारावरचं गवत कापून झालेलं! मला तिथेच फतकल मारून रडावंसं वाटलं.

गवत कापणाऱ्या शेवंताबाई पेंढ्या बांधत होत्या. कोषाचे केस जनावराच्या तोंडात टोचतात म्हणून कापताना कोष वेचून जाळायचे, अशी इथली रीत. त्या दिवशीचा ढीग अजून पेटवायचा होता. मी तो तासभर उपसला. बहुतेक कोष रिकामे. एक मात्र जड लागला, म्हणजे आत अंड्यांनी भरलेली मादी. तो मी डबीत ठेवला. शेवंताबाईंनी मला भाकरी-ठेचा दिला आणि म्हणाल्या, "बाई, हिला न्हेऊ नगा. हितंच ऱ्हावा आजच्या दिस. ही भाईर आली की नर आपसूक येत्यात."

मी म्हटलं, उद्या सकाळी माझा तास आहे.

परतताना कराड स्टँडवर डबी उघडली तर ती बाहेर आली होती. वाळक्या गवताच्या रंगाची, पंख ओले, पोट टपोरं. या पतंगाला खायला तोंडच नसतं. अळी असताना खाल्लेल्यावर चार दिवस काढायचे, तेवढ्यात नर भेटला तर भेटला. समोर औंधची गाडी उभी होती. कंडक्टरनं विचारलं, "यायचं हाय का, बाई?" मी इतकी दमले होते की मान हलवून नाही म्हटलं आणि सांगलीच्या गाडीत बसले.

कुंडलजवळ उसाच्या बैलगाड्यांनी रस्ता अडवला. घरी पोचायला रात्र झाली. दुसऱ्या दिवशी तिनं डबीच्या झाकणावर अंडी घातली, ओळीनं, नीटस. मी चित्र काढलं. ती मेली. अंडी आठवड्यात खपाटीला गेली, कारण नर तिला भेटलाच नव्हता.

प्रबंध मंजूर झाला. चित्राचं कौतुक झालं. त्याखाली मी लिहिलंय, 'अंडी घालणारी मादी'. ती अंडी वांझ होती हे लिहिलेलं नाही. त्याची मला अजून लाज वाटते.

तुम्ही दसऱ्यानंतर औंधला गेलात आणि गवतावर जड कोष दिसला, तर तिथेच बसा. परतीची एसटी चुकली तर चुकू द्या.