काकूंचं पान

निवड करण्याच्या कामात माझ्या बायकोच्या आतेभावाइतका छळवादी माणूस उभ्या रायगड जिल्ह्यात झाला नाही, आणि पुढे होऊ नये अशी माझी गणपतीला प्रार्थना आहे. राहायला रोह्याला, नोकरी तिथल्याच एका केमिकल कंपनीत, कॉम्प्युटर विभागात. बायको दादा म्हणायची म्हणून मीही दादाच म्हणायचो. ते मला जावईबापू म्हणत, आणि ते म्हटलं की समजायचं, आता काहीतरी गळ्यात पडणार. छत्री घ्यायची तर दुकानातल्या चार छत्र्या मागून आणत आणि गच्चीवरून पाइपने पाणी मारायला लावत. पाइप धरायला अर्थातच मी. एकदा कुकर घ्यायला गेले, तर दुकानदाराच्या बायकोला विचारलं, "तुम्ही स्वतः घरी काय वापरता?" ती बिचारी खरं बोलली, "पातेलं." दादा पातेलं घेऊन घरी आले! वहिनी म्हणायच्या, "माझं नशीब, मला पाहायला हे एकटे आले नव्हते."

नव्वदच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. पेणला माझा कॉम्प्युटर क्लास होता. हमरापूरच्या पाच मूर्तिकार घरांनी मिळून वेबसाइट काढायचं ठरवलं. प्रत्येक घराने आपलं पान आपण लिहायचं: मूर्ती केवढी, रंग कुठला, भाव काय. ती वेबसाइट सांभाळायची सगळी व्यवस्था दादांनी रजा टाकून तयार केली आणि, खोटं कशाला बोलू, झकास केली. राहिलं एकच. मजकूर टाइप करायचा प्रोग्रॅम, म्हणजे एडिटर, कुठला द्यायचा? मी म्हटलं, "एक साधा चौकोन द्या, लिहितील. दहा मिनिटांचं काम."

"जावईबापू, लिहिणार कोण? तुम्ही?"

"नाही."

"मग गप्प बसा."

त्या दहा मिनिटांचे अडीच महिने झाले, आणि इकडे एका बाईचा जीव टांगणीला. हमरापूरच्या काकू. नवऱ्यामागे गणपतीचा कारखाना त्यांनी एकटीने चालवला होता. दरसाल मुंबईचा व्यापारी यायचा आणि स्वतःच्या भावात सगळ्या मूर्ती उचलायचा. त्या वर्षी काकूंनी त्याला सांगून टाकलं, "अवंदा माझा भाव मी सांगनार." कशाच्या जोरावर? आमच्या वेबसाइटच्या! आणि परदेशी जायच्या मूर्ती फाल्गुन-चैत्रात बोटीवर चढाव्या लागतात. बोट काय दादांसाठी थांबणार होती?

पण दादांना घाई नावाची चीज ठाऊकच नव्हती. आधी त्यांनी माझा साधा चौकोन काकूंपुढे ठेवला. त्यात अक्षर ठळक करायचं तर मागेपुढे नाना चिन्हं टाइप करावी लागत. काकूंनी चष्मा काढून ठेवला. "ह्यापेक्षा सोंड वळवनं सोपं." मग फोनच्या लाइनवरून अख्खा दिवस घालवून बेचाळीस बटणांचा एडिटर उतरवून घेतला. रंगाचं बटण दिसल्यावर हाडाची रंगारी बाई थांबते होय? पितांबर पिवळ्या अक्षरांत, शेला जांभळ्या, भाव सोनेरी. पांढऱ्यावर सोनेरी दिसेना, म्हणजे नेमका भावच गायब! मी हसलो. दादांनी वहीत लिहून घेतलं.

खरा कहर पुढेच होता. एक आकडा चुकला की काकू अख्खं पान पुसायच्या आणि पहिल्यापासून टाइप करायच्या. एका बोटाने. एका सकाळीत सहा वेळा! मी कपाळावर हात मारून घेतला. "अहो काकू, तेवढा आकडाच बदला ना!"

"तसं करतात व्हय?" काकू म्हणाल्या. "मूर्तीचा डोळा चुकला तर अख्खं तोंड पांढरं करून परत रंगवतो आमी. ठिगळ लावलं का दिसतं."

दादा खुर्चीतून टुणकन उठले. "हेच! हेच पाहिजे होतं मला!" त्यांना पाहिजे होतं ते मिळालं, आणि बोटीला उरले बारा दिवस. हा माणूस रोह्याला जाऊन आठ दिवस गडप. परत आले ते बिनबटणांचा एडिटर घेऊन. पानाचे पाच तुकडे केलेले: नाव, उंची, रंग, भाव, पॅकिंग. प्रत्येकाचा चौकोन वेगळा. एक पुसला तरी बाकीच्यांना धक्का नाही. माझं डोकं फिरलं होतं. म्हटलं, "दादा, तुमच्या हौसेपायी त्या बाईंचं वर्ष बुडतंय!" त्यांचा चेहरा उतरला. ते उठले आणि रोह्याची एसटी धरली.

उरलेल्या चार दिवसांत काकूंनी पान लिहिलं, पण बोट सुटायच्या आत परदेशातून एकच मागणी आली, अकरा मूर्तींची. बाकी माल कारखान्यात पडून. वैशाखात व्यापारी हसत हसत आला. काकू त्याला थेट माझ्या क्लासात घेऊन आल्या. तो म्हणाला, "माल पडलाय ना काकू? मग भाव पाडा."

काकू कॉम्प्युटरसमोर बसल्या. भावाचा चौकोन उघडला, तेवढाच पुसला आणि एका बोटाने नवा आकडा टाइप केला. आधीपेक्षा जास्त! "माझा भाव ह्यो. साऱ्या जगाला दिसतोय. तुमाला वेगळा कसा सांगू?"

व्यापाऱ्याने पडद्यावरचा आकडा डायरीत उतरवून घेतला. मग म्हणाला, "गाडी कधी लावू?"

त्याच दुपारी मी रोह्याला फोन लावला. भांडणानंतर बोलणं नव्हतं. दादांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काकू कुठे अडल्या का?"

"नाही."

"तुम्हाला काही विचारलं?"

"नाही."

मला म्हणायचं होतं, दादा, मी चुकलो. पण जावयाचा ताठा! "बरं, ठेवतो," म्हटलं आणि ठेवला. दादांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. हल्ली आमच्या ऑफिसात असले निर्णय उभ्या उभ्या उरकतात, मला कोणी ताटकळत ठेवत नाही. मग लिहिणारी माणसं माझ्या टेबलाशी येऊन उभी राहतात, "सर, हे कुठे लिहायचं?" मी दाखवतो. दुसऱ्या दिवशी तीच माणसं परत येतात. तेव्हा दादांची फार आठवण येते, आणि वाटतं, त्या दुपारी फोनवर 'मी चुकलो' एवढं म्हणून टाकायला हवं होतं.