तांबड्या रंगाचा ऊस

पुणे स्टेशनावर गाडीत बसल्या बसल्या समोरच्या आजोबांनी माझ्या मांडीवरच्या पत्र्याच्या लांब नळकांड्याकडे बोट दाखवलं. "लग्नाला निघालात वाटतं? तुतारी चांगली मोठी आहे."

"तुतारी नव्हे आजोबा," मी म्हटलं, "ह्यात सातारा आणि सांगली आहे."

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं, शेजारी बसलेल्या चित्राकडे पाहिलं आणि ते खिडकीकडे थोडे सरकून बसले.

मी खोटं बोलले नव्हते. अहमदाबादला अवकाश संशोधनाच्या एका कचेरीत मला नोकरी लागून तेव्हा दोन वर्षं झाली होती. आपला स्वतःचा उपग्रह एक दिवस वर जाईल आणि तिथून आपली शेतं पाहील, या आशेवर आम्ही पंचविशीच्या आतबाहेरची मंडळी राबत होतो. त्या वर्षी आशियातल्या चार-पाच देशांतून आमच्याच वयाची मुलं आमच्याबरोबर काम करायला आली होती. चित्रा त्यांतलीच, श्रीलंकेची. उपग्रह मिळेपर्यंत सराव म्हणून कृष्णाकाठाचे फोटो एका खास फिल्मवर विमानातून काढले होते. त्या फिल्मची गंमत अशी, की हिरवं, निरोगी पीक तिच्यात लालभडक उमटतं आणि आजारी पीक फिकट. फोटोत दिसतं तेच जमिनीवर आहे का, हे पायी हिंडून ताडून पाहायला आम्हा दोघींना पाठवलं होतं. ते फोटो नळकांड्यात होते.

लोणंदला गाडी बराच वेळ थांबली. फलाटावर कांद्याच्या पोत्यांची थप्पी लागली होती आणि सगळ्या डब्यात कांद्याचा वास भरला होता. चहावाला चित्राशी घडाघडा मराठीत बोलू लागला. सावळा रंग, वेणी, सुती साडी आणि वर नाव चित्रा! तिला मराठी येत नाही यावर पुढच्या पंधरवड्यात कुणाचाही विश्वास बसला नाही. ती नुसती हसायची आणि लोक म्हणायचे, "लाजती बगा."

साताऱ्यात आमचं काम फार सुरळीत झालं, हीच पुढच्या घोटाळ्याची सुरुवात. पहाटेच अजिंक्यताऱ्यावर चढून आम्ही खाली पसरलेलं शहर आणि हातातला फोटो एकापुढे एक धरून पाहिले. तळी, रस्ते, झाडांच्या राया, सगळं जिथल्या तिथे. पुढे दोन दिवस आम्ही आसपासच्या गावांत हिंडलो. जिथे फोटोत लाल तिथे डोलणारा ऊस, जिथे निळसर तिथे नांगरलेलं रान. एकदाही चुकलो नाही, म्हणून फिकट तुकड्यांवर प्रत्यक्ष न जाताच 'आजारी' असा शेरा मारत गेलो. संध्याकाळी कंदी पेढे खाताना मी चित्राला म्हटलं, "आपण उगाच चालतोय. फोटोला सगळं कळतं." ती म्हणाली, "फोटोला कळतं. पण फोटो कुणाला कळतो?" मला ते तेव्हा नुसतं चतुर बोलणं वाटलं.

सांगलीत विश्रामबागेतल्या मुलींच्या वसतिगृहात आमची सोय होती. पहिल्याच सकाळी माधवनगरच्या नाक्यावर दस्तगीरचाचांचा टांगा मिळाला. गिरणीचा भोंगा नुकताच होऊन गेला होता आणि पाळी संपलेले कामगार सायकली हातात धरून गप्पा मारत घरी निघाले होते. चाचा आम्हाला घेऊन कृष्णाकाठच्या एका गावाला निघाले. गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. का, ते पुढे कळेल.

गावात पहिले भेटले ते हवालदारमामा. पलटणीतून निवृत्त होऊन शेती बघणारा, ताठ पाठीचा माणूस. उभी हयात तोफखान्यात नकाशे वाचण्यात गेलेली. आम्ही पारावर फोटो उलगडताच त्यांनी चष्मा लावला आणि दिशा लावून फोटो नीट फिरवून ठेवला. आम्ही तो उलटा धरला होता.

"ही नदी, ही देवळाची शेंडी, ह्यो माजा गोठा," मामा म्हणाले. "लय भारी. आमच्या वक्ताला असलं काय नव्हतं."

भोवती बरीच माणसं जमली. जमलेल्या माणसांपुढे माझी जीभ नेहमीच सैल सुटते. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हटलं, "हे फोटो साधे नाहीत मामा. पिकाला रोग लागला, की तो तुमच्या डोळ्यांना दिसायच्या आधी आमच्या फोटोत दिसतो!"

माणसं चकित झाली. मामांनी एक दिवस फोटो ठेवून घेऊ का, असं विचारलं आणि मी मोठ्या मनाने एक प्रत देऊन टाकली. रंगांचा अर्थ कोपऱ्यात छापलेला होता. इंग्रजीत होता, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाक्यावर चाचा आमचीच वाट पाहत उभे होते. "बेटी, बैठो जल्दी," ते म्हणाले. "त्या गावची सवारी आता सोडली. तितं सोनाक्कानं ऊस तोडाय काढलाय. तुमच्या फोटूत रोग घावला म्हन्त्यात."

रोग? त्या गावचा बहुतेक ऊस फोटोत लालभडक होता. म्हणजे ठणठणीत. चाचांनी घोडा असा पिटाळला, की चित्राने डोळे गच्च मिटून घेतले. वाटेत मी त्यांना सोनाक्काची माहिती विचारली. तिचा नवरा सैन्यात, सरहद्दीवर. दोन एकर ऊस ती एकटी पिकवते आणि नवरा येत्या महिन्यात सुट्टीवर यायचा आहे. "माघात तोडणी हाय तिची," चाचा म्हणाले. "आत्ता तोडला तर काय घावनार? पानीच."

शेतात पोचलो तेव्हा कोयत्यांचा आवाज येत होता. पाच-सहा बायका वाकून ऊस तोडत होत्या आणि बांधावर हवालदारमामा फोटो हातात धरून उभे होते. आम्हाला पाहून ते खुशीत म्हणाले, "आलासा? बगा, तुमच्या फोटूनं वाचिवलं. समदीकडं दुश्मन घुसलाय."

"दुश्मन?"

"तांबडं हाय की सगळं! नकाशात निळं म्हंजी आपलं, तांबडं म्हंजी दुश्मन. तीस वर्सं हेच वाचलं. सोनाक्काच्या रानात तर लय दाट हाय. म्हनलं, पोरी, डोळ्याला दिसायच्या आदी तोड, न्हाईतर सारं जाईल."

चूक मामांची नव्हतीच. त्यांनी नकाशा नकाशासारखा वाचला होता आणि माझी बढाई खरी मानली होती. मी ओरडले, "थांबा! थांबवा तोडणी! रोग नाही!"

कोयते थांबले. सोनाक्का पुढे आली. तिशीची बाई, कासोटा खोवलेला, कपाळावर घामाला चिकटलेली उसाची कुसं. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"काल म्हनलीस, आदी दिसतो. आज म्हनतीस, रोग न्हाई. कंचं खरं धरू?"

मी समजावू लागले. फिल्म, किरण, पानातला रस, काय काय बोलले. ती ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलत नव्हती. "मी ऊस चिरून बगितला," ती म्हणाली. "आत पांढरासपेद. वासबी न्हाई. तरीबी तोडला. का? तर शिकल्याली पोरगी सांगती, माज्या डोळ्याला दिसायचं न्हाई."

त्या वाक्याने मला जे झालं ते आजही लिहिताना होतं. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला. तितक्यात चित्राने मामांच्या हातातून फोटो घेतला, जमिनीवर पसरला आणि सोनाक्काला हाताला धरून खाली बसवलं. मग तिने काळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि शेतातल्या विहिरीकडे हात केला. एवढंच.

सोनाक्का वाकून पाहू लागली. "हीर व्हय ही? मग ही मोटंच्या बैलांची धाव, ही बाबळ." तिचं बोट फोटोवरून चालू लागलं, बांधाने, पाटाने, आणि विहिरीजवळच्या एका लहानशा चौकोनावर थांबलं. सगळ्या फोटोत तो चौकोन सर्वांत लाल होता.

"ह्यो तर घास," ती म्हणाली. (घास म्हणजे गुरांसाठी लावलेला हिरवागार चारा.) "ह्यो म्हस रोज खाती. दुधाला कमी न्हाई, कशाला न्हाई." मग मामांकडे मान वळवून हळूच म्हणाली, "आवं मामा, तांबडं म्हंजी हिरवं हाय!"

मामांनी टोपी काढली. "रिपोट चुकीचा दिला मी," ते म्हणाले. "चूक माजी."

"माझी," मी म्हटलं.

"दोगांची," सोनाक्का म्हणाली. "आन् तिसरी माजी, डोळं असून आयकलं ती." ती उठून तोडलेल्या उसाकडे गेली. अकरा सऱ्या, म्हणजे उसाच्या अकरा ओळी, आडव्या पडल्या होत्या. तिने एक ऊस उचलून उभा धरला. "ह्यो आता उबा ऱ्हाईल व्हय गं?" तिने विचारलं. बाकीचा सारा ऊस मात्र उभा होता, आणि त्यासाठी मी त्या क्षणी चाचांचे आणि त्यांच्या घोड्याचे मनातल्या मनात पाय धरले.

मला वाटलं होतं, आता आम्हाला गावातून हाकलतील. बायकांनी बांधावर भाकरी सोडल्या आणि आमच्याही हातावर एकेक ठेवली. जोंधळ्याची भाकरी आणि खर्डा (हिरव्या मिरचीचा, लसूण घालून खलबत्त्यात रगडलेला). चित्राने खर्डा चटणीसारखा नव्हे, भाजीसारखा खाल्ला आणि तिच्या डोळ्याला टिपूस नाही! बायका बघत राहिल्या. तिने उसाकडे बोट दाखवून सांगितलं, आमच्याकडे ह्याला 'उक्' म्हणतात. "ऊस आन् उक्!" सोनाक्का पहिल्यांदाच हसली. "भनीच की."

जेवणानंतर मी फोटोच्या कडेला ठळक मराठीत लिहायला घेतलं: तांबडं म्हणजे निरोगी. सोनाक्काने विचारलं, "आन् ज्येला वाचाय येत न्हाई त्येनं?" तिचा प्रश्न मी चित्राला सांगितला, तेव्हा तिने उसाचं हिरवं पान तोडलं, बोटभर तुकडा कापला आणि लाल रंगाच्या नमुन्यापुढे डिंकाने चिकटवला. निळसर रंगापुढे चिमूटभर माती. फिकट रंगापुढे काय लावायचं? आमच्या यादीत फिकट म्हणजे आजारी ऊस. सोनाक्काने फोटोतला फिकट तुकडा पाहिला आणि ती थेट त्या रानात गेली. येताना तिच्या हातात पाचट होतं, उसाची वाळलेली पानं.

"ह्यो खोडवा हाय," तिने सांगितलं. (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटून येणारं दुसरं पीक.) "वर पाचट पसरल्यालं. खाली फुटवा बगा कसा हाय." आम्ही पाचट बाजूला करून पाहिलं. खाली हिरवेगार कोंब तरारले होते. सातारा ते सांगली आम्ही जिथे जिथे "आजारी" असा शेरा मारला होता, तिथे आता पायी जाणं आलं. पुढचे चार दिवस सोनाक्का आणि मामा आमच्याबरोबर शिवारभर हिंडले. मामांनी दिशा लावायची, अक्काने पीक सांगायचं, आम्ही लिहायचं. मी इतकं थोडं बोलून इतकं शिकले, असं आयुष्यात पुन्हा क्वचितच झालं.

निघायच्या दिवशी अक्काने घट्ट बुचाची बरणी माझ्या हातात ठेवली. तोडलेला ऊस तिने गुऱ्हाळावर नेला होता. "कवळा ऊस. गूळ धरला न्हाई," ती म्हणाली, "काकवीच झाली. पोरास्नी दे तितल्या. आन् आमच्या गावाचं नाव कुटं घालू नगो. ह्यांच्या कानावर मीच घालीन." मी तिच्या पाया पडायला वाकले तर तिने दंडाला धरून उभं केलं. "पुन्यांदा येशील तवा आदी इचार, मग सांग."

परतीच्या गाडीत चित्रा झोपली आणि मी अहवाल लिहिला. चांगला झाला. पानं चिकटवलेला तक्ता आमच्या कचेरीतल्या साहेबांना इतका आवडला, की सगळ्या देशांच्या मुलांनी आपापल्या गावी असाच तक्ता तिथल्या माणसांबरोबर बसून करायचा, असं ठरलं. भाताची पानं, चहाची, ताडाची. माझी पाठ थोपटली गेली. अकरा सऱ्यांबद्दल अहवालात अक्षर नव्हतं.

पाठ थोपटली गेली त्याच दुपारी जेवताना आम्ही बरणी उघडली. बँकॉकच्या सोमचायने चपातीचा तुकडा बुडवून खाल्ला आणि डोळेच मिटले. बरणी हातोहात फिरू लागली. "इतकं गोड!" सोमचाय म्हणाला. "हे लोक दरवर्षी बनवतात का? पुढच्या वर्षीही आणाल?"

"ही मुद्दाम बनवलेली नाही," चित्रा म्हणाली. "ही आमच्यामुळे झाली."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मग मी सांगितलं. पारावरची बढाई, इंग्रजीतला कोपरा, आडव्या पडलेल्या सऱ्या, माघात व्हायचा होता तो गूळ, आणि ज्या बाईचा तो होता तिने आम्हाला वाढलेली भाकरी. बरणीत तळाला थोडी काकवी उरली होती, तिला कुणी हात लावेना. "खा," मी म्हटलं, "तिने तुमच्यासाठीच दिलीय." मी स्वतः बोट बुडवून चाटलं, उठले, साहेबांच्या खोलीत गेले आणि अहवालाचं पहिलं पान परत मागून घेतलं.