चाळीतलं हँड्स अप

भाऊ तुरुंगातून सुटून आले, त्या संध्याकाळची गोष्ट. काळाचौकीची चाळ, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस... आणि गिरगावातून ट्रामने येऊन तिथल्या बालवाडीत शिकवणारी मी, विशीतली शहाणी बाई. शहाणी म्हणजे किती, ते पुढे कळेलच.

मी त्या चिमुरड्यांना इंग्रजी शिकवायचे. पाटी नाही, पुस्तक नाही, नुसते खेळ. 'स्टँड अप' म्हटलं की उभं राहायचं, 'जंप' म्हटलं की उडी मारायची... पोरं खिदळत शिकायची आणि मी मनातल्या मनात फुगायचे.

त्यातला सगळ्यात लाडका खेळ माझ्याच सुपीक डोक्यातून निघालेला. चोर-पोलीस! एकाने पोलीस होऊन बोट रोखायचं आणि 'हँड्स अप' म्हणायचं, की बाकीच्या चोरांनी हात वर करायचे. 'हँड्स डाउन' म्हटलं की खाली.

ज्या चाळीत घरोघरी कुणी ना कुणी लाठी खाल्लेली, तिथे मला हाच खेळ सुचावा... पण तेव्हा त्यात काही वावगं वाटलंच नाही हो मला.

चाळीत कुरबुर होती, पण ती वेगळ्याच गोष्टीवरून. मराठी राज्यासाठी माणसं आत जातायत आणि ही बाई आमच्या पोरांना इंग्रजी पाजतेय, असं पहिल्या मजल्यावरचे अण्णा तोंडावर बोलायचे. बालवाडीची खोली चाळ कमिटीची, आणि कमिटीचे प्रमुख भाऊ. गिरणी कामगार, मूळचे मालवणकडचे, त्यांचा शब्द सगळे मानायचे. भाऊ सुटून आले की वर्गाचा काय तो निकाल लागेल, असं अण्णांनी मला बजावून ठेवलं होतं.

माझा जीव टांगणीला लागलेला. त्या पोरांशिवाय मला करमायचं नाही... आणि वर्ग बंद झाला असता तर घरचे पुन्हा गिरगावाबाहेर पाठवणार नव्हते.

भाऊंची सुमन माझ्याच वर्गात होती. चार वर्षांची, भलतीच चुणचुणीत. त्या संध्याकाळी सगळी चाळ अंगणात जमली, मीही मुद्दाम थांबले.

भाऊ फार वाळले होते, पण हसत होते. सुमनच्या आईने त्यांना ओवाळलं, गळ्यात हार पडले. बाप इतक्या दिवसांनी दिसलेला, त्यामुळे सुमन लाजून माझ्या पदराआड लपलेली. मीच तिला पुढे केलं... बाबांना आपला खेळ दाखव म्हटलं. लेकीचं इंग्रजी ऐकून भाऊ खूश होतील आणि माझा वर्ग वाचेल, एवढाच हिशोब डोक्यात.

सुमनने बोट रोखलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "हँड्स अप!"

भाऊंचे हात वर गेले.

मुलीची हौस म्हणून केलेले नव्हेत हो. एका झटक्यात, विचार करायच्या आधीच गेले. डावा पूर्ण वर, उजवा खांद्याशी अडलेला. चेहऱ्यावरचं हसू पार गेलं. गळ्यात हार, कपाळाला कुंकू... आणि हा माणूस सगळ्या चाळीसमोर हात वर करून उभा.

सुमनच्या आईने तोंडाला पदर लावला. सुमन आधी टाळ्या पिटत नाचली, मग पुढचा शब्द विसरली आणि माझ्याकडे बघायला लागली. तिच्याबरोबर भाऊही माझ्याकडे बघायला लागले.

मला फक्त दोन शब्द म्हणायचे होते. रोज पोरांपुढे तालात म्हणायचे तेच... पण जीभच उचलेना. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

शेवटी कसंबसं मराठीतच म्हटलं, "भाऊ, हात खाली करा हो... चुकलंच माझं."

भाऊंनी हात खाली घेतले, खांदा चोळला. डाव्या हाताने सुमनला कडेवर उचललं. अण्णा बोलायला पुढे सरसावले होते, त्यांना नजरेनेच थांबवलं. मग अगदी हळू आवाजात मला म्हणाले,

"वर्ग चालू ठेवा, बाई. तुमच्या खेळात निदान हात खाली करा असं म्हणतात तरी. तिथे कुणी म्हणत नव्हतं."

बस्स. एवढंच बोलून घरात गेले. माझा वर्ग वाचला होता, पण आनंद कसला... मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. ट्राममध्ये घरी येईस्तोवर खिडकीकडे तोंड करून रडत होते.

दुसऱ्या दिवशी पोरांनी चोर-पोलीस मागितलं. मी त्यांना फुलपाखरं केलं आणि 'फ्लाय' शिकवलं. पुढे तो वर्ग बरीच वर्षं चालला. आजही कुणी भेटलं की कौतुक करतं, बाई, त्या काळात तुम्ही चाळीतल्या पोरांना खेळातून इंग्रजी शिकवलंत!

अशा वेळी मान वर होत नाही. ज्याला मी त्याच्याच अंगणात, त्याच्याच लेकीकडून पुन्हा एकदा पकडवलं, त्याच माणसाने माझा वर्ग वाचवला. त्या दिवशी आभार मानायला मला तोंड नव्हतं. भाऊ आता नाहीत... तरीही आज मानते.