वाळूतलं घड्याळ आणि गावातलं नाव

पोलीस खात्यात उभी हयात गेली, पंचनामे लिहून बोटं झिजली. पण एक प्रकरण आठवलं की अजूनही मन स्वस्थ राहत नाही. ते माझ्या नोकरीतलं नाही, निवृत्तीनंतरचं आहे, आणि तेही दुबईतलं. त्यातल्या कोणाचंच नाव मी देणार नाही. नाव घेण्यानेच तर सगळं झालं होतं.

माझी मुलगी आणि जावई दुबईच्या ऊद मेथा भागात राहतात. जावई दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कारखान्याची आणि तिथल्या कामगार वसाहतीची देखभाल बघतात. तीन महिने त्यांच्याकडे राहायला गेलो होतो. एका संध्याकाळी जावयांनी रुमालातून एक घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. वसाहतीच्या आवारात पाइपलाइनचा एक व्हॉल्व्ह वाळूखाली गाडला गेला होता. तो शोधायला मेटल डिटेक्टर फिरवत होते. डिटेक्टर वाजला म्हणून खणलं, तर हे निघालं.

"बाबा, इथल्या कायद्याने हे पोलिसांत जमा करावं लागतं. उद्या देऊनच टाकतो. म्हटलं त्याआधी तुम्ही बघा, अँटिक वाटतंय."

खिशात ठेवायचं, चांदीच्या झाकणाचं जुनं घड्याळ होतं. जित्याची खोड! मी चष्मा लावला, वर्तमानपत्र अंथरलं आणि नखाने मागचं झाकण उघडलं. आत सुईने ओरखडल्यासारख्या तीन बारीक खुणा होत्या. जुने कारागीर घड्याळ दुरुस्त केलं की झाकणाच्या आत आपली खूण करून ठेवत, हे मला एका चोरीच्या तपासात म्हाताऱ्या घड्याळजीने शिकवलं होतं. तीनपैकी एक खूण मराठी आकड्यांत होती. म्हणजे घड्याळ आपल्याकडचं.

बिजागरीत पांढरे तंतू अडकले होते. चिमट्याने ओढून पाहिले. रेशमासारखे मऊ, चकचकीत. हा साधा कापूस नव्हे, सावरीचा. रत्नागिरी जिल्ह्यात सहा वर्षं काढलेल्या माणसाला सावरीची उशी ओळखता येते.

"वसाहतीत कोकणातलं कोण आहे का?" मी विचारलं. "आणि घड्याळाचं कोणाला बोलू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळीच जावयांबरोबर गेलो. खबर दिली ती मेसच्या आचाऱ्याने. मुलूख कुठलाही असो, ज्याच्या हातचं माणसं रोज जेवतात त्याला सगळं ठाऊक असतं.

"रत्नागिरीकडचे दोघे आहेत साहेब, एकाच गावचे. एकाच रूममध्ये होते. आता एका टेबलावर बसत नाहीत. चाचांच्या वालिदचं घड्याळ गेलं ना, तेव्हापासून."

चाचा म्हणजे साठीला आलेले फोरमन. त्यांचे वडील बोटीवर नोकरीला होते, घड्याळ त्यांचं. दुसरा तिशीतला इलेक्ट्रिशियन. आदल्या वर्षी चाचा सुट्टीवर गावी गेले तेव्हा खोलीत तो एकटाच होता. परत येऊन त्यांनी पेटी उघडली, तर घड्याळ नाही. इथल्या पोलिसांत तक्रार करायची? छे! गावच्या माणसाला परक्या मुलखात तुरुंगात कसं घालायचं? त्याऐवजी चाचांनी त्याच संध्याकाळी गावाला फोन लावून त्याचं नाव सांगितलं. पंधरा दिवसांत इलेक्ट्रिशियनच्या बहिणीचं ठरलेलं लग्न मोडलं. त्याच्या आईच्या दारात कोणी येईना. ना फिर्याद, ना तपास, आणि शिक्षा मात्र सुरू. वर चाचा म्हणत, पोलिसांत न देऊन मी त्याला वाचवलं.

चाचांना जावयांच्या ऑफिसात बोलावलं, समोर बिनदुधाचा सुलेमानी चहा ठेवला. चौकशीत मुद्देमाल आधी दाखवायचा नसतो. मी घड्याळाचा विषयच काढला नाही.

"चाचा, तुमची गावाहून आणलेली सावरीची उशी कुठे आहे?"

तोंडाशी नेलेला ग्लास त्यांनी खाली ठेवला. "ती गेली साहेब. मी सुट्टीवर असताना ढेकणांचं औषध मारलं. कंपनीने सगळ्यांच्या गाद्या-उशा बाहेर काढून टाकल्या."

"कुठे टाकल्या होत्या?"

"भिंतीजवळ. पाइपलाइनचं खोदकाम चालू होतं, तिथेच."

"आणि घड्याळ पेटीत होतं?"

त्यांनी ग्लास बाजूला सरकवला. मग म्हणाले, "नव्हतं. निघायच्या आदल्या दिवशी मीच उशीत घालून शिवून टाकलं. पेटीचं कुलूप कोणीही तोडेल, उशीला कोण हात लावतो? परत आलो तेव्हा डोक्यातून साफ गेलं होतं, खुदा कसम. दोन महिन्यांनी बायकोने नवी उशी पाठवली. तिच्यावर डोकं टेकलं आणि आठवलं."

"मग गावाला दुसरा फोन का नाही केला?"

"कसा करणार साहेब? दहा माणसांत बोलून बसलो होतो."

एरवी काखेत कळसा म्हणून हसलो असतो. त्या दिवशी मात्र असा संताप आला, की सराईत चोरावरही कधी आला नव्हता. मी इलेक्ट्रिशियनला बोलावून घेतलं आणि दोघांसमोर घड्याळ ठेवलं. चाचांनी ते छातीशी धरलं आणि रडायला लागले. तो उभाच राहिला.

"मिळालं ना? खलास," तो म्हणाला. "मला काही नको चाचा. फक्त अम्मीला फोन करा."

चाचांनी स्पीकरवर फोन लावला. "भाभी, तुमचा मुलगा चोर नाही. चूक माझी झाली."

पलीकडून त्या बाई म्हणाल्या, "मला कशाला सांगता? मला ठाऊकच होतं. ज्यांना सांगितलंत, त्यांना सांगा."

घड्याळ पोलिसांत जमा झालं, चाचांनी खुणा सांगून ते रीतसर सोडवून घेतलं. पुढच्याच महिन्यात ते गावी गेले आणि जुम्म्याच्या नमाजानंतर मशिदीच्या दारात उभं राहून सगळ्यांसमोर बोलले. मोडलेलं लग्न मात्र जुळलं नाही. नवऱ्या मुलाचं लग्न दुसरीकडे झालं होतं.

हे ऐकलं आणि माझंच एक जुनं प्रकरण मला टोचू लागलं. दुकानातल्या एका नोकराला मी घरफोडीच्या संशयावरून भर दुपारी, शेजाऱ्यांदेखत ओरडत त्याच्या दारातून उचललं होतं. दुसऱ्याच दिवशी खरा चोर सापडला. मी त्याला "जा" एवढंच म्हटलं होतं. तपास पूर्ण झाला म्हणून मला शाबासकीही मिळाली. वस्तू सापडली की तपास संपतो, असं मी आयुष्यभर मानत आलो. त्या माणसाचं नाव त्याला परत द्यायचं राहिलं होतं.

भारतात परतल्यावर त्याचं घर शोधून काढलं. तो आता म्हातारा झाला होता. मी दारात उभा राहून म्हणालो, "तेव्हा चूक आमची होती. तुम्ही काही केलं नव्हतंत."

त्याने शेजारच्या उघड्या दारांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"साहेब," तो म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही इतकं हळू बोलला नव्हतात."