लाल बाण कुणाचा?

जिन्याच्या पहिल्या वळणावर, गार पाण्याच्या मशीनशेजारी, दोन वर्षं माझा फोटो टांगलेला होता. खाली ठळक अक्षरांत ‘सर्वोत्तम कर्मचारी’. त्या फोटोतलं माझं हसू मला आता बघवत नाही. पण लाज एकट्या मला वाटावी आणि बाकीचे सगळे हात झटकून मोकळे व्हावेत, हे काही मला पटत नाही. म्हणून शाईताईंबद्दल लिहायला बसले आहे.

शाईताई आमच्या पाणीपुरवठा कार्यालयात नकाशे काढायच्या. बत्तीस वर्षं एकाच खोलीत, एकाच खिडकीशी. उजव्या हाताच्या मधल्या बोटावर काळ्या शाईचा एक डाग होता, तो काही केल्या जात नसे, म्हणून कुणीतरी हे नाव पाडलं. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं. अंगाने किरकोळ, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि जीभ अशी की भले भले इंजिनिअर खोलीत शिरताना दारावर टकटक करायचे.

आमच्या कामाची एक रीत होती, ती आधी सांगायला हवी. जमिनीखालचा नळ कुणाला दिसत नाही. नकाशा चुकला तर खोदणाऱ्याची कुदळ भलत्याच जागी पडते आणि चार गल्ल्या कोरड्या राहतात. म्हणून आमच्याकडे नकाशा एका हाताने कधीच काढला जात नसे. मोठ्या टेबलाच्या एका बाजूला ‘पुढची’ पेन्सिलीने रेघ ओढत जायची आणि समोरच्या बाजूने ‘मागची’ ती रेघ तपासून, लागलं तर खोडून, त्यावर शाई फिरवत यायची. मी चोवीस वर्षांची असताना नोकरीला लागले, तेव्हा मी पुढची आणि शाईताई मागच्या. पहिल्याच कागदावर त्यांनी माझ्या अकरा रेघा खोडल्या. मी रडकुंडीला आले. त्या म्हणाल्या, “रडतेस कशाला? पेन्सिल म्हणजे नुसतं आपलं मत असतं गं. ते बदललं तर कुठे बिघडतं?”

मग कागद गेले आणि कॉम्प्युटर आला. आला म्हणजे एकच आला. दोघींनी पाळीपाळीने वापरा, असा वर हुकूम. शाईताईंनी तो वाचला आणि म्हणाल्या, “पाळीपाळीने? मग मागचीने बघायचं कधी, पुढची घरी गेल्यावर?” त्यांनी भांडारातून दुसरा माऊस मागून आणला आणि त्याच कॉम्प्युटरला लावून घेतला. पण माऊस दोन असले तरी बाण एकच. मी तो उजवीकडे ओढायचे, त्या डावीकडे, आणि तो मध्येच थरथरत राहायचा. दोन दिवस आमचं नुसतं हसू आणि भांडण. तिसऱ्या दिवशी त्यांनी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला खुर्चीत बसवून ठेवलं आणि काम होईपर्यंत उठू दिलं नाही. त्याने कुठलासा छोटा प्रोग्राम टाकला आणि पडद्यावर दोन बाण उभे राहिले. माझा काळा, त्यांचा लाल.

त्यानंतरची नऊ वर्षं आम्ही एकाच पडद्यासमोर खुर्चीला खुर्ची लावून काढली. जुन्या कागदाचं चित्र पडद्यावर मागे फिकट दिसायचं आणि त्यावर माझा काळा बाण नळाची रेघ ओढत पुढे जायचा. लाल बाण वीतभर अंतर ठेवून मागून यायचा. कुठे जोड सुटला तो जुळवायचा, कुठे नळाची जाडी चुकली ती बदलायचा. एकीने क्लिक केलं की दुसरीने क्षणभर थांबायचं, नाहीतर यंत्र गोंधळायचं. त्याचीही आम्हाला इतकी सवय झाली की बोलावंच लागत नसे. कधी लाल बाण एखाद्या ठिपक्याभोवती गोल गोल फिरायला लागायचा. म्हणजे मी समजायचं की आपण इथे माती खाल्ली. “ही झडप चांभाराच्या दुकानापुढे दाखवलीस,” त्या म्हणायच्या, “पण रस्ता रुंद केला तेव्हा दुकान गेलं आणि झडप भिंतीखाली गेली. नळ सोडणाऱ्याला विचारलंय मी.” पाणी सोडणारी सगळी माणसं त्यांच्या ओळखीची. जे कुठल्याच कागदावर नव्हतं, ते त्यांनी फोन करकरून जमा केलं होतं.

आता चूक कुठे झाली ते सांगते. कॉम्प्युटर आला तेव्हा एक फॉर्म भरायचा होता. त्यात चालवणाऱ्याचं नाव लिहायला एकच ओळ. शाईताई म्हणाल्या, “तुझंच टाक, तुला पटापट टाइप करता येतं.” मी टाकलं. त्या एका ओळीवर आमच्या दोघींचं सगळं काम माझ्या नावावर जमा होत गेलं. कुणाला त्याचं काही वाटलं नाही, कारण तेव्हा माणसं कामं डोळ्यांनी बघत होती.

नवे साहेब आले आणि बघणं बंद झालं. पस्तिशीचे असतील, बोलायला गोड, प्रत्येकीला ‘मॅडम’. त्यांनी प्रत्येक कॉम्प्युटरवर कामं मोजणारा प्रोग्राम बसवला. दिवसाकाठी किती रेघा, किती दुरुस्त्या, सगळं आपोआप साहेबांच्या टेबलावर. पहिल्याच महिन्यात माझा आकडा सगळ्या कार्यालयात दुप्पट निघाला. निघणारच, दोन बायकांचं काम होतं ते. साहेबांनी मला सगळ्यांसमोर उभं करून टाळ्या वाजवल्या आणि माझा फोटो काढला.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. बोलले नाही. शाईताईंना मी म्हटलं, “अहो, हे तुमचंही आहे.” त्या म्हणाल्या, “असू दे गं, मला काय फोटो लावायचाय?” आणि मी ते सोयीने खरं मानलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मीच. दोन वर्षं रोज जिना चढताना त्या फोटोकडे बघत होते आणि मनात थोडी फुशारत होते, हेही लिहून टाकते.

मग एका सोमवारी शाईताईंच्या नावाने पत्र आलं. दोन वर्षांत त्यांच्या नावावर एकही रेघ नाही, एकही दुरुस्ती नाही. काम शून्य. सबब त्या जादा ठरतात आणि महिनाअखेर त्यांना सेवेतून कमी करण्यात येत आहे. शून्य! ज्या बाईने सबंध गावाच्या पोटातला एकेक नळ तपासला, तिला एका पोरसवद्या माणसाने कागदावर शून्य लिहून दिलं. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. घरी नवरा, घड्याळं दुरुस्त करायचा, त्याचे डोळे गेलेले. घर त्यांच्या एकटीच्या पगारावर. शाईताईंनी पत्र दोनदा वाचलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि लाल बाण घेऊन कामाला लागल्या. मला मात्र समोरचं काही दिसेना.

मी तशीच साहेबांकडे गेले आणि त्यांना हाताला धरून आणल्यासारखं खोलीत आणलं. “बसा आणि बघा,” म्हटलं. तासभर ते आमच्या मागे बसले. काळा बाण चालत होता, मागून लाल बाण चालत होता. एके ठिकाणी मी नळ सरळ नेला, लाल बाणाने तो मोडून वळवला. साहेबांनी विचारलं का, तेव्हा शाईताईंनी सांगितलं की तिथे खाली जुनी विहीर बुजवलेली आहे, नळ वळसा घालून जातो. साहेबांनी मान डोलावली. तास संपल्यावर त्यांनी फोनवर आकडे उघडले. मी: एकशे अठरा. शाईताई: शून्य.

“आता तरी पटलं ना?” मी विचारलं.

“मी बघितलं, मॅडम. पण मी बघितलेलं सिस्टममध्ये कसं टाकू? तिथे यांचं नावच नाही.”

स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास नाही आणि मोजणाऱ्या डब्यावर आहे. मी म्हटलं, मग आजपासून कॉम्प्युटरवर त्यांचं नाव टाका, माझं काढा. साहेब तयारही झाले. शाईताईच नको म्हणाल्या. “म्हणजे पुढच्या वर्षी हे पत्र तुला येईल. एकीला पुसून दुसरीला लिहायचं, हा कुठला न्याय?”

त्या संध्याकाळी मी घरी जाऊन एक अर्ज लिहिला. ‘गेली दोन वर्षं माझ्या नावावर नोंदलेल्या कामापैकी बरंचसं काम माझं नाही. ते माझ्या सहकारी बाईंचं आहे. हे मला माहीत असूनही मी गप्प राहिले.’ तो घेऊन शाईताईंकडे गेले. सायकलच्या दुकानावर दोन खोल्या, जिना अरुंद. त्या नवऱ्याला वर्तमानपत्र वाचून दाखवत होत्या. त्यांनी माझा अर्ज वाचला आणि त्यांचा पारा चढला.

“वेडी आहेस का? हे दिलंस तर तुझी चौकशी लागेल. तुझं वाटोळं करून मला नोकरी नको.”

“आणि माझ्यामुळे तुमची गेली तर माझी नोकरी मी कुठल्या तोंडाने करू?”

त्यांचे मिस्टर खाटेवरून म्हणाले, “देऊ दे तिला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या रेघांवर शाई फिरवलीस. एकदा तरी कुठेतरी तुझं नाव लागू दे.” शाईताईंनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि बराच वेळ पुसत राहिल्या. मला तिथे त्यांच्यासमोर रडू आलं आणि मी ते आवरलंही नाही.

अर्ज दिला. साहेबांनी तो वाचून माझ्याकडे सरकवला. “मॅडम, हा परत घ्या. रागाच्या भरात माणूस लिहितो. हे खरं धरलं तर तुम्ही दोन वर्षं दुसऱ्याचं काम स्वतःच्या नावावर खपवलंत असं होईल.”

“तसंच झालंय.”

“चौकशी लागेल.”

“लावा.”

लागली. शाईताईंच्या कामाची चौकशी करायला बत्तीस वर्षांत कुणाला वेळ मिळाला नव्हता, माझ्या गुन्ह्याची करायला आठ दिवसांत माणूस आलं. मुख्य कार्यालयातली एक कोरड्या आवाजाची बाई होती. तिने आम्हा दोघींना कामाला बसवलं आणि स्वतः कागद घेऊन बसली. पहिला प्रश्न, “लाल बाण कुणाचा?” शाईताई म्हणाल्या, “माझा.” बाईने तो लाल बाण जिथे जिथे थांबला, तिथे तिथे का थांबला ते विचारून लिहून घेतलं. तीन दिवस. नळ सोडणाऱ्या चौघांनाही बोलावलं. त्यांनी सांगितलं की रस्ता खोदायचा असला की आम्ही नकाशा बघत नाही, आधी शाईताईंना फोन करतो.

महिनाअखेरीच्या आदल्या दिवशी निकाल आला. साहेबांनी आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावलं आणि वाचून दाखवला. माझ्यावर दोष सिद्ध झाला होता. माझ्या नावावर दाखवलेलं सुमारे निम्मं काम प्रत्यक्षात दुसऱ्या कर्मचारी महिलेने केल्याचं स्पष्ट होत होतं. सबब मला सक्त ताकीद, सेवापुस्तकात ठपका, एक वेतनवाढ बंद, आणि तो फोटो उतरवायचा. मी खाली मान घालून ऐकत होते, आणि ऐकता ऐकता डोक्यात उजेड पडला. मला दोषी ठरवायचं तर काम शाईताईंनी केलं, हे लिहिण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हतं. आणि ते एकदा लिहिलं की ‘शून्य’ टिकत नव्हतं. साहेबांनी शेवटची ओळ वाचली: सेवेतून कमी करण्याचा आदेश रद्द. प्रामाणिक बाईला वाचवायला आधी एक चोर सापडावा लागतो, असं हे आमचं कार्यालय. मला हसू येत होतं आणि संतापही.

साहेबांच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव दिसला. त्यांनी पोच म्हणून दोघींनी सही करायला कागद पुढे केला. मी लगेच केली. शाईताईंनी कागद उचलून चष्म्याजवळ नेला आणि पहिल्या ओळीपासून सावकाश वाचायला घेतला. साहेब घड्याळ बघत होते. मधल्या परिच्छेदावर शाईताईंचं बोट थांबलं.

“इथे चूक आहे.”

“कुठे?”

“‘सुमारे निम्मं’ लिहिलंय. निम्मं कसं? ही रेघ काढते, तेव्हा मी हिची रेघ बघते, जुना कागद बघते आणि जागेवरचा माणूस काय सांगतो तेही बघते. मागे बसले म्हणून कुणाला दिसले नाही, आणि मीही कधी बोलले नाही. ते माझं चुकलं. पण आता लिहिताच आहात, तर नीट लिहा. निम्म्याहून जास्त.” त्यांचा आवाज चढला नव्हता, पण बोट त्या शब्दावरून हललं नव्हतं. इतक्या वर्षांत मी त्यांना स्वतःसाठी रागावलेलं प्रथमच बघत होते.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. “मॅडम, याने तुमचीच शिक्षा वाढेल.”

“वाढू द्या,” मी म्हणाले. “त्यांनी तपासलंय, म्हणजे ते बरोबरच असणार.”