माझ्या केसांतला वास

माझं सगळं आपल्याला माहीत आहे, असं माझा नवरा चारचौघांत सांगतो. सांगू दे बापड्याला. ही एक गोष्ट मी त्यालाही सांगितलेली नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे—का, ते मलाही नीट कळत नाही.

मी जनावरांची डॉक्टर. नव्वदच्या दशकात मुली या शिक्षणाकडे फारशा फिरकत नसत. शेवटच्या वर्षी प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणासाठी मला इगतपुरीच्या बाजूला एका डुकरांच्या फार्मवर पाठवलं. सोबत सुजाता. तीही माझ्यासारखी नाशिकचीच, वडील शाळामास्तर. फार्मवरच्या एका खोलीत आम्ही दोघी राहायचो, एकमेकींचे गमबूट घालायचो, सुट्टीला एकाच एसटीने घरी यायचो.

खरं सांगू? मला तिथलं काम फार आवडायचं. पांढरीशुभ्र, थोराड डुकरीण विताना कुशीवर पडून कण्हायची, आणि पिल्लू अडलं की आमच्यापैकी कुणाचा तरी हात आत जायचा—मुलींचे हात बारीक, म्हणून तो मान आमचा! एकदा माझ्या हातात आलेलं पिल्लू श्वासच घेईना. सुजाताने ते गोणपाटाने खसाखसा चोळलं, नाकातोंडातला चिकटा बोटाने काढला, आणि ते केकाटलं तेव्हा आम्ही दोघी त्या घाणीत उभ्या राहून रडलो. पिल्लांचे सुईसारखे दात कापायचे, नाहीतर ती दूध पिताना आईला जखमा करतात. मांडीत लोहाचं इंजेक्शन द्यायचं. किंकाळ्यांनी कान बधिर व्हायचे. आणि वास—तो काय सांगावा! अंग घासून घासून लाल झालं, तरी केसांत राहायचाच.

सुजाताने घरी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं. मी? मी घरी सांगितलं, की गाईंच्या गोठ्यावर आहे.

आमचा फुलांचा मळा. झेंडू, शेवंती, गुलाब. आईच्या हारांना बाजारात नाव होतं, ते देवळात जायचे. आंघोळ केल्याशिवाय ती फुलाला हात लावत नसे, कुणाला लावूही देत नसे. त्या घरात डुक्कर हा शब्द फक्त शिवी म्हणून यायचा. मग मी कशी सांगणार होते?—पण थांबा, ही सबब झाली. सबब सांगायची नाही असं ठरवून बसले आहे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडू तोडायला माणसं कमी पडत होती. मीच सुजाताला म्हटलं, चल. ती हौसेने आली. आईने आम्हा दोघींसाठी शेवंतीच्या वेण्या करून ठेवल्या होत्या—घरी आलेली पोर रिकाम्या केसांनी पाठवायची नाही, ही तिची रीत. आम्ही वाफ्यात ओणवून तोडणी सुरू केली न केली, तोच माझी काकू नाकाला पदर लावून म्हणाली, "कसला गं वास येतोय? डुकरावानी?"

सगळ्या बायकांचे हात थांबले. आईने माझ्याकडे पाहिलं.

आणि मी म्हणाले, "सुजाताला डुकरांकडं टाकलंय. मी गाईंकडं."

इतकंच. एका दमात. तिच्याकडे न बघता.

तुम्ही म्हणाल, घाबरली असेल पोर, तोंडून निघून गेलं असेल. नाही हो. निघून गेलं नाही. सुजाताचं आडनाव आमच्या घरात माहीत होतं. ती बौद्ध, तिची वस्ती कुठली, तेही माहीत होतं. तिच्याबद्दल असं सांगितलं तर कुणाला नवल वाटणार नाही, कुणी पुढचा प्रश्न विचारणार नाही—हे मला त्या क्षणी लख्ख कळत होतं. कळत होतं म्हणूनच मी तसं बोलले. एवढी वर्षं जिभेवर येत नव्हतं ते हे.

आई रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. अगदी मायेने म्हणाली, "बाई, तू नको हात लावू फुलांना. देवाला जायची हायेत. तिकडं सावलीत बस."

सुजाता उठली. ओंजळीतली फुलं तिने बांधावर ठेवली आणि आंब्याखाली जाऊन बसली. आम्ही टोपल्या भरत होतो, ती बघत होती. एका शब्दाने तिने मला उघडं पाडलं नाही. मजुरांसाठी वेगळे ठेवलेले कप होते, त्यातल्या एकातून तिला चहा आला. तिने तो प्यायला, कप विसळला आणि पालथा घालून ठेवला.

संध्याकाळी मी तिला बसथांब्यावर सोडायला निघाले, तेव्हा आईने माझ्या केसांत वेणी माळली. स्वतःच्या हाताने. त्याच वासाच्या केसांत! सुजाताची वेणी तिने वर्तमानपत्रात बांधून दिली. घरी जाऊन न्हा, मग माळ, म्हणाली.

बस येईपर्यंत सुजाता रस्त्याकडे बघत उभी राहिली. मी वाट बघत होते, ती शिव्या देईल, थोबाडीत मारेल. बस आली. पायरीवर पाय ठेवताना ती म्हणाली, "केसांना लिंबू चोळ. साबणाने जात नाही. आईला कळेल."

उरलेलं प्रशिक्षण आम्ही एकत्रच केलं. कामापुरतं ती बोलायची, पिल्लू अडलं तर हाक मारायची. गमबूट मात्र तिने दुसरे मागून घेतले. मी माफी मागितली नाही. आज मागते, उद्या मागते, असं करता करता प्रशिक्षण संपलं. ती आता कुठे असते मला माहीत नाही. कधी चौकशी केली नाही.

आईचे हात आता थरथरतात, तरी माझ्यासाठी वेणी तीच करते. दरवर्षी दसऱ्याला तिला आठवण होते. "तुझी ती डुकरांकडची मैत्रीण काय करते गं? गुणाची होती पोर." गेल्या दसऱ्यालाही तिने विचारलं, वेणी हातात घेऊन. बरी आहे, मी म्हणाले. आणि माळून घ्यायला मान पुढे केली.